बिळाच्या तोंडाशी

जाळं जेमतेम मीटरभर लांब असतं. दोन्ही टोकांना एकेक कडी, काठाने ओवलेली दोरी आणि दोरीच्या शेवटाला लाकडी खुंटी. बिळाच्या वरच्या अंगाला खुंटी मातीत रोवायची आणि जाळं तोंडावर सैल पसरायचं, एक कडी खालच्या काठाशी, दुसरी वरच्या. आतून ससा वेगाने आला की त्याच्याच धक्क्याने दोरी ओढली जाते आणि बटव्याची नाडी आवळावी तसं जाळं त्याच्याभोवती मिटतं. इंग्लंडमध्ये त्याला पर्स नेट म्हणतात. पूर्वी ते सुतळीचं असे, आता बहुतेक नायलॉनचं मिळतं; पण हाताने विणलेल्या जाळ्याचा अभिमान बाळगणारी माणसं अजून आहेत.

या जाळ्याचा एक गुण मला फार मोठा वाटतो. त्यात सापडलेला ससा जिवंत असतो. त्याचं पुढे काय करायचं ते माणसाला त्याला हातात घेऊन, त्याची धडधड बोटांना जाणवत असताना ठरवावं लागतं. सशांशी युरोपातल्या माणसाचं भांडण दोन हजार वर्षं चाललं आहे. त्या भांडणात पुढे जी जी हत्यारं आली, त्यांपैकी बहुतेकांनी माणसाला या जबाबदारीतून मोकळं केलं. त्याचे परिणाम काय झाले, ते पुढे येईलच. आधी मुळातलं काम कसं चालतं ते सांगायला हवं.

जाळं बाहेर असतं. आत जातो तो फेरेट. आपल्याकडे हा प्राणी नाही. लांबुडका, आखूड पायांचा, आकाराने मुंगसाच्या आसपास. पण मुंगसाशी त्याचं नातं नाही. युरोपात पोलकॅट नावाचा एक जंगली शिकारी प्राणी आहे, त्याला माणसाळवून माणसाने फेरेट घडवला, आणि तोही बहुधा याच एका कामासाठी. नराला हॉब म्हणतात, मादीला जिल, पिल्लाला किट. मादी पाऊण किलोच्या आतबाहेर, नर कधी कधी तिच्या दुप्पट. रंग दोन मुख्य: पोलकॅटसारखा गडद तपकिरी, चेहऱ्यावर काळा पट्टा असलेला, नाहीतर पिवळसर पांढरा, लाल डोळ्यांचा. पुष्कळ लोक पांढराच पसंत करतात, कारण वाळक्या गवतात आणि झुडपांत तो चटकन दिसतो.

हे काम मी पाहिलं ते ब्रेकलंडमध्ये, एका जानेवारीत. नॉरफोक आणि सफोक या परगण्यांच्या सीमेवरचा हा प्रदेश. जमीन वाळूची, पाऊस इंग्लंडच्या मानाने फार कमी. हिवाळी जवाची कोवळी पाती वर आली होती, पण बांधालगतचा लांबच लांब पट्टा उघडा पडला होता. तिथलं पीक सशांनी मातीपर्यंत कुरतडलं होतं. आठ-दहा ससे मिळून एका मेंढीइतकं खातात, असा तिकडच्या शेतकऱ्यांचा जुना हिशोब आहे. तो पट्टा पाहिला की या हिशोबामागची कळ समजते. शेतकऱ्याने बोलावलेली दोन माणसं आली होती, सत्तरीचे एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी. सोबत एक लर्चर, म्हणजे संकरित शिकारी कुत्री, एक लाकडी पेटी आणि जाळ्यांनी भरलेली पिशवी.

गाडीचं दार त्यांनी आपटलं नाही. वारा कुठून येतो ते पाहून बांधाला वळसा घातला आणि आपला वास बिळांकडे जाणार नाही अशा बाजूने आले. त्यानंतरचं बहुतेक काम खुणांनीच चाललं, कारण जमिनीवरचं पाऊल खाली ऐकू जातं आणि सावध झालेला ससा बाहेर पडण्याऐवजी आतच दबून बसतो. कुत्री एकेका बिळाशी जायची, नाक घालायची, पुढे सरकायची. मग एका बिळाशी ती थबकली. कान पुढे, पुढचा एक पाय उचललेला. आत ससा आहे. जिथे ती थबकत नाही तिथे फेरेट सोडायचाच नाही, असा यांचा नियम. रिकाम्या बिळांत त्याला फिरवलं तर दिवसाचं काम होण्याआधीच तो दमतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला जाळी लावण्यात. सशांच्या वसाहतीला एकच दार नसतं. मोठी, वापरातली तोंडं ओळखू येतात. बाहेर उकरलेल्या मातीचा ढीग असतो, लेंड्या असतात. अडचण असते ती पळवाटांची. या वाटा सशाने आतून वर खणत नेलेल्या असतात, त्यामुळे बाहेर मातीचा मागमूस नसतो. गवताच्या बुंध्याशी किंवा काटेरी ब्लॅकबेरीच्या जाळीत मुठीएवढी फट, बस्स. गृहस्थ गुडघ्यांवर बसून, उघड्या हाताने गवत चाचपत त्या शोधत होते. हिवाळ्यातच हे काम का करतात, तेही तिथे कळलं. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत झाडोरा बसलेला असतो, बिळं उघडी दिसतात. त्याहून मोठं कारण म्हणजे वसंतात आत पिल्लं असतात. सशाची मादी मुख्य वसाहतीपासून दूर एक आखूड बीळ खणते, पोटाचे केस उपटून त्यात अंथरते, पिल्लं घालते आणि तोंड मातीने बुजवून निघून जाते. रात्रीतून एकदा, काही मिनिटांपुरती पाजायला येते. काही माद्या मात्र वसाहतीच्या आतच वितात. अशा दिवसांत फेरेट सोडला तर आंधळ्या पिल्लांची कत्तल होते आणि पोट भरलेला फेरेट तिथेच झोपून जातो. जाणती माणसं वसंत लागला की जाळी धुऊन, वाळवून टांगून ठेवतात.

मुलीने पेटीतून एक पांढरी जिल काढली आणि तिच्या गळ्यात पातळ पट्टा बांधला. पट्ट्यात छोटा ट्रान्समीटर असतो. वर माणसाच्या हातात एक पेटी असते. फेरेटच्या बरोबर वर आलं की ती टिकटिकते आणि तो किती खोल आहे तेही सांगते. हे यंत्र गेल्या चाळीसेक वर्षांतलं. त्याआधी फेरेटच्या गळ्यात लांब दोरी बांधत, नाहीतर जमिनीला कान लावून पडून राहत. बिळात सोडायला मादीच बरी, कारण ती जाळ्याच्या भोकांतून जाळं न हलवता आत शिरते. शिवाय नर ताकदीचा असल्याने सशाला आतच मारून टाकण्याचा धोका जास्त. जिलने बिळाच्या तोंडाशी हवा हुंगली, शेपटीचे केस फुलवले आणि ती आत गेली. घाई नाही, झेप नाही. फेरेट नजरेने पाठलाग करत नाही, तो वासावर चालतो.

मग थांबणं. बांधाच्या कडेला, अंग न हलवता, बिळाच्या तोंडावर सावली पडणार नाही असं. काही वेळाने पायाखाली एक ठोका जाणवला, पाठोपाठ दुसरा. ससा मागचा पाय जमिनीवर आपटतो. सगळ्या वसाहतीला दिलेला इशारा असतो तो. गृहस्थांनी नुसतं बोट वर केलं. पुढच्या क्षणी बांधाच्या मधोमध एक जाळं उसळलं आणि आवळलं. मुलगी दोन पावलांत पोचली. एका हाताने तिने ससा धरला, दुसऱ्याने लगेच दुसरं जाळं त्या तोंडावर टाकलं, कारण मागून आणखी एक येत असू शकतो. मान एका झटक्यात मोडली. हे सारं घडायला, वाचायला लागतो त्याहून कमी वेळ लागला.

मला ते पाहणं सोपं गेलं नाही, आणि तसं जाऊही नये. जाळ्यात अडकलेला ससा भीतीने थरथरतो. एक तर किंचाळला. तो आवाज पुष्कळ दिवस कानांत राहिला. पण ससा दु:खात किती वेळ राहतो, हा प्रश्न या लोकांनी स्वत:ला विचारलेला आहे आणि त्याचं उत्तर त्यांच्या हातांच्या सवयीत आहे. ससा जाळ्यात तडफडत ठेवून गप्पा मारणारा माणूस या मंडळींत कुणाला आवडत नाही.

दुपारी एक अडचण आली. जिल आत गेली ती परतलीच नाही. याला 'लाय अप' म्हणतात. फेरेटने ससा आत मारला असेल किंवा त्याला बंद टोकात कोंडलं असेल. पेटी टिकटिकवत गृहस्थांनी बांधाचा उतार इंचाइंचाने तपासला. एका जागी आवाज पक्का झाला, खोली मीटरभर. त्यांनी अरुंद, लांब पात्याच्या कुदळीने सरळ खाली खड्डा घेतला. शेवटची माती हातांनी काढली, कारण पातं फेरेटला लागू शकतं. खाली दिसलं ते असं: बोळाच्या बंद टोकाला ससा तोंड आत खुपसून, पाठ बाहेर करून बसलेला आणि जिल त्याच्या पुठ्ठ्यावर नखांनी ओरबाडत असलेली. तिच्या नखांत सशाचे केस अडकले होते. असा वळून बसलेला ससा फेरेटला सहसा हलत नाही. गृहस्थांनी आधी ससा मोकळा केला, म्हणजे मारला. मग जिलला उचलून तिच्या डोळ्यांतली माती फुंकून काढली, पाणी पाजलं. खड्डा पुन्हा भरून, पायाने दाबून, वर गवताचा पापुद्रा बसवूनच ते पुढे गेले. फेरेट सापडलाच नाही तर गवत भरलेली पेटी बिळाशी ठेवून रात्र काढायची, पहाटे तो बहुधा पेटीत झोपलेला मिळतो. फेरेट तसाच सोडून घरी गेलेल्या माणसाबद्दल ते फार कडक शब्दांत बोलले.

एकदा त्यांच्या जाळ्यात सशाऐवजी रानटी पोलकॅट आला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकारीच्या रानांतल्या राखणदारांनी हा प्राणी इंग्लंडमधून जवळजवळ संपवला होता. वेल्समध्ये उरलेला आता हळूहळू परत येतो आहे आणि कायद्याचं संरक्षण त्याला आहे. त्यांनी जाळं सैल केलं आणि तो गेला. बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या दाराशी तर ते थांबतही नाहीत. १९९२च्या कायद्याने त्या बिळात कुठलीही ढवळाढवळ करणं गुन्हा आहे.

०

फेरेट पाळणं हे हौसेचं काम असलं तरी सैल काम नाही. पूर्वी लोक त्याला दूध-पाव घालून कसाबसा जगवत; तो शुद्ध मांसाहारी आहे, त्याला अख्खा ससा किंवा कोंबडी हाडांसकट लागते. मादीचं एक वेगळंच दुखणं आहे. ती माजावर आली आणि तिला नर मिळाला नाही, तर माज आपोआप उतरत नाही. महिनोन्‌महिने चालणाऱ्या संप्रेरकांच्या माऱ्याने तिच्या अस्थिमज्जेत रक्त बनणं थांबतं आणि ती मरू शकते. म्हणून जाणते लोक एक नसबंदी केलेला नर ठेवतात किंवा डॉक्टरकडून इंजेक्शन देतात. डोळे उघडायच्या सुमारापासून पिल्लांना रोज हातात घ्यावं लागतं, नाहीतर मोठेपणी ती हाताला कडकडून चावतात.

या प्राण्याने माणसावर आणखी एक उपकार केला आहे, तो लंडनमध्ये. कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगावर संशोधन करण्यासाठी १९२०च्या दशकात 'द फील्ड' या शिकारविषयक नियतकालिकाच्या पुढाकाराने निधी उभा राहिला होता. डिस्टेंपर फेरेटलाही होतो, म्हणून राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत फेरेट पाळलेले होते. १९३३मध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्रयूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी फ्लूच्या रुग्णांच्या गुळण्यांचं पाणी या फेरेटच्या नाकात घातलं आणि ते आजारी पडले. माणसाच्या फ्लूचा विषाणू प्रथम हाती आला तो असा. पुढे स्मिथ यांना प्रयोगातल्या फेरेटपासून स्वत:लाच फ्लू झाला आणि त्यांच्यापासून मिळवलेला विषाणू त्यांच्या आद्याक्षरांनी 'डब्ल्यूएस' म्हणून ओळखला गेला. फ्लूवरच्या संशोधनात फेरेट आजही महत्त्वाचे आहेत.

०

या कामाची सर्वांत जुनी नोंद स्पेनजवळची आहे. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो दोन हजार वर्षांपूर्वी लिहितो की बॅलिअरिक बेटांवर सशांनी झाडांची मुळं खाऊन इतका उच्छाद मांडला, की लोकांनी रोमकडे दुसरी जमीन मागितली. उपाय म्हणून तो एका प्राण्याचं वर्णन करतो, तोंडाला मुसकं बांधून बिळात सोडलेल्या. हा प्राणी सशाला बाहेर ओढतो किंवा बाहेर पळायला लावतो, आणि वर उभी असलेली माणसं त्याला पकडतात. रोमन लेखक प्लिनी सांगतो की बेटवासीयांनी सम्राट ऑगस्टसकडे सशांविरुद्ध सैन्याची मदत मागितली होती. युरोपी ससा मुळात इबेरियाचाच. सम्राट हेड्रियनच्या नाण्यावर हिस्पानियाची, म्हणजे स्पेनची मूर्ती आहे, तिच्या पायाशी ससा आहे.

इंग्लंडमध्ये सशांची खरी वस्ती झाली ती नॉर्मन राजवटीत, बाराव्या शतकापासून. तेव्हा ससा उपद्रवी नव्हता, ती मालमत्ता होती. जमीनदार आणि मठ त्यांच्यासाठी वॉरन म्हणजे राखीव माळरानं ठेवत. सशांना खणायला सोपं जावं म्हणून मुद्दाम मऊ मातीचे लांबट उंचवटे रचत. डार्टमूरवर ते आजही दिसतात. थेटफर्डजवळ सशांच्या राखणदारासाठी साधारण १४००च्या सुमारास बांधलेली दगडी गढी उभी आहे. जाड भिंती, अरुंद खिडक्या. चोरांशी लढायची तयारी केल्याशिवाय सशांची राखण होत नसे, एवढं त्यांचं मोल. मांस महाग, कातडं त्याहून. राखणदाराचं मुख्य साधन फेरेट आणि जाळं. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या 'क्वीन मेरी सॉल्टर' या हस्तलिखितात पानाच्या तळाशी एक चित्र आहे, दोन स्त्रिया बिळात फेरेट सोडून जाळं धरून बसल्या आहेत. बांधावर वाकलेल्या त्या मुलीला पाहताना मला त्या दोघी आठवल्या. सहाशेहून जास्त वर्षांत या कामाची बैठकसुद्धा बदललेली नाही.

मालमत्ता म्हटली की कायदा आला. १३९०मध्ये दुसऱ्या रिचर्डच्या काळात संसदेने ठरवलं, की ज्याला जमिनीपासून वर्षाला ४० शिलिंगही मिळत नाहीत अशा कारागिराने, मजुराने शिकारी कुत्रा ठेवू नये आणि फेरेट, जाळी, फास वापरू नयेत. त्या वेळच्या गरिबाला हे उत्पन्न स्वप्नातही दिसत नसे. म्हणजे फेरेट कोटाच्या खिशात घालून रात्री बांधाशी जाणारा माणूस जवळजवळ पाच शतकं गुन्हेगार होता. १८६२च्या कायद्याने पोलिसांना अशा माणसाला रस्त्यात अडवून झडती घेण्याचा आणि जाळी जप्त करण्याचा अधिकार दिला. कुळाने कसलेल्या शेतातलं पीक सशांनी खायचं आणि सशाला हात लावला तर मात्र जमीनदार खटला भरणार, ही स्थिती १८८०च्या ग्राउंड गेम ॲक्टने मोडली. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या सरकारने कसणाऱ्याला त्याच्या शेतातले ससे मारण्याचा हक्क दिला, आणि तो करार करूनही काढून घेता येणार नाही असं केलं. बांधावरचे ते गृहस्थ या कायद्याचं नाव आदराने घेतात. त्यांच्या आजोबांच्या पिढीपर्यंत घरात तो बोलण्याचा विषय होता.

हे ऐकताना महाराष्ट्र आठवणं अटळ होतं. आपल्या माळावरचा ससा बीळ खणत नाही. गवताच्या आडोशाला उघड्यावरच दबून बसतो आणि वेळ आली की धावतो. त्यामुळे फेरेटचं काम इथे उपजलंच नसतं. इथे त्याच्या वाटेवर वाघर लावली जायची, फास मांडले जायचे, आणि ते ज्ञान फासेपारध्यांचं होतं. इंग्रजांनी स्वत:च्या देशात जाळं बाळगणाऱ्या माणसाची झडती घेतली. आपल्याकडे १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढच्या विस्तारांनी जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या, हजेरीला लावल्या. १९५२मध्ये तो कायदा गेला; संशय गेला नाही. इंग्लंडमधल्या चोरट्या शिकाऱ्याचा नातू आज सन्मानाने शेतावर बोलावला जातो, त्याच्या जाळीचं कौतुक होतं. पारध्याच्या नातवाच्या वाट्याला असं काही आलं नाही. ही तफावत मला बांधावर उभं असताना सलत होती आणि लिहिताना जास्त सलते आहे.

०

ससे जिथे जिथे माणसाने नेले तिथे पाठोपाठ त्यांचा उच्छाद गेला. ऑस्ट्रेलियात १८५९मध्ये थॉमस ऑस्टिन या जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी व्हिक्टोरियातल्या आपल्या इस्टेटीवर इंग्लंडहून २४ ससे आणवले आणि पन्नासेक वर्षांत ते बहुतेक खंडभर पसरले. न्यूझीलंडमध्येही तेच. तिथे १८८०च्या दशकात सरकारने फेरेट हजारोंनी मोकळे सोडले. मोकळे, हा शब्द महत्त्वाचा. मागे जाळं नाही, पेटी नाही, परत बोलावणारं कुणी नाही. ससे कमी झाले नाहीत. पण जमिनीवर राहणारे, असे सस्तन शिकारी मुळात न पाहिलेले किवी, वेका यांसारखे पक्षी मात्र त्यांच्या आणि त्यांच्याबरोबर आणलेल्या स्टोट या तशाच शिकारी प्राण्याच्या तावडीत सापडले. २००२पासून त्या देशात फेरेट पाळणं-विकणंही बंद आहे. फेरेटचा यात दोष नाही. बिळाच्या तोंडाशी उभा राहणारा माणूस काढून टाकला की उरतो तो नुसता शिकारी.

इंग्लंडात दुसरी घाई झाली. दात असलेला लोखंडी सापळा, जिन ट्रॅप, शेताशेतांत लावला जाई; त्यात पाय अडकून ससा रात्रभर जिवंत लटके, आणि ससाच अडकेल याची खात्री नसे. तो १९५८पासून इंग्लंड-वेल्समध्ये बेकायदा झाला. बिळांत सायनाइडची पूड फवारत. सायमॅग नावाची ती पूड २००४पर्यंत वापरात होती. आत कोण आहे ते न पाहता तोंडं बुजवायची.

आणि मग आला विषाणू. पॅरिसजवळच्या माय्यबुआ इथल्या आपल्या कुंपण घातलेल्या इस्टेटीवरचे ससे संपवावेत म्हणून पॉल-फेलिक्स आर्माँ-देलिल या निवृत्त डॉक्टरांनी जून १९५२मध्ये दोन सशांना मिक्सोमॅटोसिस टोचला. दक्षिण अमेरिकेतल्या सशांना हा रोग फारसा बाधत नाही, युरोपी सशाला तो मारतो. डोळे सुजून बंद होतात, तोंड फुगतं, आंधळा झालेला ससा उघड्यावर बसून राहतो आणि दोनेक आठवड्यांच्या आत मरतो. कुंपण पिसवांना आणि डासांना अडवत नाही. रोग फ्रान्सभर गेला. डॉक्टरांना आधी दंड झाला आणि पुढे सुवर्णपदकही मिळालं. १९५३च्या शरदात रोग इंग्लंडच्या केंट परगण्यात पोचला. ब्रिटनमध्ये तेव्हा सहा ते दहा कोटी ससे असल्याचा अंदाज सांगतात. दोन-तीन वर्षांत त्यातले ९५ टक्क्यांहून अधिक गेले. शेतकऱ्यांनी आजारी ससे पोत्यात घालून आपल्या शेतांत नेऊन सोडले, इतके की १९५४च्या कायद्याने मुद्दाम रोग पसरवणं गुन्हा ठरवावं लागलं. ते गृहस्थ तेव्हा अगदी लहान होते. त्यांना वडिलांकडून ऐकलेलं आठवतं, की रस्त्याच्या कडेने आंधळे ससे बसलेले असत आणि वडील जाता-येता त्यांना काठीने मोकळं करत. युद्धकाळात रेशनबाहेर मिळणारं मांस म्हणून ज्या सशाने घरं जगवली, तो आता कुणी खाईना. वडिलांनी फेरेट देऊन टाकले आणि काही वर्षं पेटी रिकामी राहिली.

ससे गेल्यावर काय झालं, ते कुणालाच आधी सुचलं नव्हतं. दक्षिण इंग्लंडच्या चुनखडीच्या उतारांवरचं गवत सशांनी कातरून बोटाच्या पेराएवढं ठेवलेलं असे. ते वाढलं, जमीन सावलीत गेली, गार झाली. उबदार उघड्या जमिनीत राहणारी एक लाल मुंगी तिथून हटली. लार्ज ब्लू नावाच्या निळ्या फुलपाखराची अळी त्याच मुंगीच्या वारुळात वाढते. मुंग्या तिला आपलंच पिल्लू समजून आत नेतात. मुंगी गेली आणि १९७९मध्ये ते फुलपाखरू ब्रिटनमधून नाहीसं झालं. जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं गवतात बसून ही साखळी उलगडली, म्हणून १९८०च्या दशकात स्वीडनहून आणलेल्या अळ्यांपासून ते पुन्हा वसवता आलं. माळावर एका प्रयोगाने केलेलं नुकसान भरून काढायला किती माणसांची किती वर्षं जातात, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

मिक्सोमॅटोसिसमधून ससे थोडे सावरले. काहींत प्रतिकारशक्ती आली, विषाणूही सौम्य झाला. मग १९९०च्या दशकात रक्तस्रावी ताप आला आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्याचा नवा प्रकार. ब्रेकलंडमध्ये आता अशी स्थिती आहे की एका शेतात पीक वाचवायला फेरेटवाल्याला बोलावतात आणि तिथून जवळच्याच राखीव माळावर सशांनी यावं म्हणून संरक्षक मंडळी फांद्यांचे ढीग रचतात, मऊ मातीचे बांध घालतात. सशांनी कातरलेलं, उकरलेलं उघडं वाळवंटी माळरान तिथल्या दुर्मीळ वनस्पतींना लागतं आणि करवानक पक्ष्यालाही. आपल्या दख्खनच्या माळावर संध्याकाळी ओरडणाऱ्या करवानकाचाच हा जवळचा भाऊ. फांद्यांच्या ढिगांखाली ससे खरंच जास्त बिळं करतात, असं तिथल्या 'शिफ्टिंग सँड्स' प्रकल्पात दिसून आलं. मध्ययुगातल्या राखणदाराने केलेलं काम पाच-सहाशे वर्षांनी पुन्हा करावं लागतं आहे.

त्या गृहस्थांना मी विचारलं, सशांची संख्या उतरत असताना हे काम करवतं का. ते म्हणाले, "बांध रिकामा करायला आम्ही येतच नाही. यंदा कुत्री ज्या बांधावर दोनच ठिकाणी थबकली, तिथे पिशवी उघडलीसुद्धा नाही." त्यांच्या मुलीने पुस्ती जोडली, की शेतकऱ्याला ते समजावताना कधी कधी पुढचं बोलावणं गमवावं लागतं. तरी ती समजावते. मला हे फार मोलाचं वाटतं. विष आणि विषाणू दोघांनाही कुठे थांबायचं ते सांगता येत नाही.

फेरेटच्या कामाचा सगळ्यात नवा उपयोग स्पेनमध्ये होतो आहे, जिथून त्याची पहिली नोंद आली. इबेरियात जंगली ससा इतका घटला, की २०१९मध्ये आययूसीएनच्या यादीत युरोपी ससा धोक्यातला म्हणून नोंदवला गेला. त्याच्यावर जगणारा इबेरियन लिंक्स हा रानमांजराच्या कुळातला प्राणी तर २००२च्या सुमारास शंभराहून कमी उरला होता. लिंक्सच्या आहारातला बहुतांश वाटा सशाचा, तेव्हा लिंक्स वाचवायचा तर आधी ससे हवेत. गंमत नव्हे, अडचण अशी की स्पेनच्या शेतीच्या पट्ट्यात, महामार्ग आणि रेल्वेच्या भरावांत ससे उदंड आहेत आणि तिथले शेतकरी वैतागले आहेत. डोंगराळ रानांत मात्र ते नाहीत. मग परवाना घेऊन बिळात फेरेट सोडतात, तोंडावर जाळी लावतात आणि बाहेर आलेला ससा न मारता पेटीत घालतात. पुष्कळदा त्याला दोन्ही रोगांच्या लसी देतात आणि रानात नेऊन सोडतात. मोकळ्या जागी नुसता सोडलेला ससा टिकत नाही. पहिल्या काही दिवसांतच कोल्हे आणि भीती मिळून पुष्कळांना संपवतात. म्हणून दगड, ओंडके आणि मातीची कृत्रिम बिळं आधी तयार ठेवावी लागतात, काही ठिकाणी भोवती कुंपण घालून सशांना जागेची सवय होईपर्यंत आतच ठेवतात. लिंक्स २०२४मध्ये 'धोक्यात' या वर्गातून एक पायरी वर, 'असुरक्षित' वर्गात आला; त्याची एकूण संख्या दोन हजारांच्या वर गेली आहे. ससे पकडून नेण्याचं काम मात्र चालूच आहे, कारण रानातल्या बिळांत तो ताप पुन्हा पुन्हा येतो.